नवसाची मांजरे

एखाद्या बाईविषयी एकदा काही बोलले गेले, की ते पुसले जायला किती वर्षे लागतात? मातकारे नावाच्या इजिप्शियन बाईच्या बाबतीत सत्त्याऐंशी वर्षे लागली, आणि तीही ती जाऊन जवळजवळ तीन हजार वर्षे लोटल्यावर!

झाले असे की, १८८१ साली इजिप्तमध्ये देर अल-बहरी येथे, डोंगराच्या पोटातली एक गुप्त जागा सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती लागली. चोरांच्या भीतीने पुजाऱ्यांनी कितीतरी राजाराण्यांच्या ममी तिथे नेऊन दडवल्या होत्या. त्यांत ही मातकारे होती. पिनुजेम नावाच्या थोरल्या पुजाऱ्याची ती मुलगी. तिचे पद होते 'अमुन देवाची पत्नी'. देवाशीच लग्न लागलेले, तेव्हा माणसाशी संसार तिला वर्ज्य असावा, असे अभ्यासक मानत. आणि तिच्या शवपेटीत तर एक लहानसे गाठोडे निघाले. तान्ह्या बाळाएवढे, पट्ट्यांत नीट गुंडाळलेले.

झाले! बाई बाळंतपणात गेली, मूलही तिच्याबरोबर गेले, असा तर्क निघाला. मग देवाच्या बायकोला मूल कसे, हा प्रश्न ओघाने आलाच. गाठोडे सोडून पाहायचे कोणाला सुचले नाही, आणि न सोडता आत पाहायची सोय तेव्हा नव्हती. १९६८ साली त्या 'बाळा'चा एक्स-रे काढला गेला. आत होते एक माकड. बाईने हौसेने पाळलेले, लाडाचे माकड!

आता तुम्ही म्हणाल, माकडाची कोणी ममी करतं का? करत असत तर! माकडांची करत, मांजरांची करत, कुत्री, ससाणे, मगरी, साप, मासे, बैल, फार काय चिचुंद्र्यांचीसुद्धा करत. इजिप्तच्या वाळूखाली माणसांच्या ममींपेक्षा प्राण्यांच्या ममी अनेक पटींनी अधिक सापडतात. आणि त्या सगळ्या एकाच कारणासाठी केलेल्या नाहीत. तीच पट्टी, तीच राळ. पण एका गाठोड्यात माया असते, दुसऱ्यात जेवण, तिसऱ्यात साक्षात देव आणि चौथ्यात चक्क विकत घेतलेला नवस.

मायेची गाठोडी संख्येने थोडी, पण मन ओढून घेणारी. मातकारे जिथे सापडली त्याच गुप्त जागेत इस्तेमखेब या राजघराण्यातल्या स्त्रीची पाळीव हरिणी मिळाली. तिच्यासाठी पेटी केलेली, तीही हरिणीच्याच आकाराची! नुसता चौकोनी खोका करून भागले असते, पण सुताराला तिचा डौल लाकडात उतरवायला सांगणारी मालकीण कशी असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

त्याच्याही साडेतीनशे वर्षे आधीची गोष्ट थुतमोस नावाच्या युवराजाची. त्याची मांजर मेली तेव्हा त्याने तिच्यासाठी चुनखडीची दगडी शवपेटी घडवून घेतली. ती आज कैरोच्या जतनात आहे. पेटीवर मांजर ऐटीत बसली आहे, पुढे नैवेद्याचे ताट मांडले आहे आणि ताटात भाजलेले बदक. तिचे नाव 'ता-मिऊ'. प्राचीन इजिप्तच्या भाषेत मांजराला 'मिऊ'च म्हणत, म्हणजे युवराजांनी आपल्या लाडकीचे नाव ठेवले होते निव्वळ 'माऊ'. राजाच्या घरी काय नि आपल्या घरी काय, मांजराला नाव सुचण्यात फारसा फरक पडत नाही, बाई!

शिदोरी

दुसरा प्रकार आपल्याला लगेच कळण्यासारखा आहे. मेलेल्या माणसाला पुढच्या जगात भूक लागणार, ही त्यांची पक्की समजूत. मग प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर डबा द्यावा तशी कबरीत शिदोरी ठेवत. मांसाचे तुकडे, सोललेली बदके, कबुतरे. सगळे खारवून, वाळवून, कापडात गुंडाळून आणि वर लाकडी पेटीत. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामुनच्या थडग्यात अशा चाळीसहून अधिक पेट्या होत्या. युया आणि थुया हे तीये राणीचे आईवडील. त्यांच्या थडग्यातल्या बरगडीच्या मांसाची २०१३ साली रासायनिक तपासणी झाली, तेव्हा त्यावर पिस्त्याच्या जातीच्या झाडाची उंची राळ सापडली. लेकीने, निदान लेकीच्या सासरच्या मंडळींनी, शिदोरीत कसर ठेवली नव्हती.

हे सगळे टिकले कसे? त्याचे मुख्य साधन तुमच्या स्वयंपाकघरात आणि मोरीवर सुटे सुटे पडलेले आहे. कैरोच्या वायव्येला वादी नत्रून नावाची दरी आहे. तिथली खारी तळी आटली की काठावर पांढरा क्षार साचतो. त्याला नॅट्रॉन म्हणतात. त्यात काय असते? बरेचसे धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा, शिवाय थोडे मीठ. पापडखार हा याच घराण्यातला. मीठ लावलेल्या मासळीतून पाणी सुटते हे तुम्ही पाहिले आहे. नॅट्रॉन तसेच पाणी ओढून घेतो आणि शिवाय चरबीचाही बंदोबस्त करतो. शरीरातला ओलावा गेला की कुजणे थांबले.

पण नुसता क्षार टाकून भागत नाही. मूळच्या लाहोरच्या आणि कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात शिकवणाऱ्या सलीमा इक्राम यांनी हे स्वतःच्या हाताने करून पाहिले. कैरोच्या संग्रहालयातल्या प्राण्यांच्या ममींचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. पुस्तकात लिहिलेली पद्धत खरोखर जमते का, हे पाहण्यासाठी त्यांनी मेलेल्या सशांवर प्रयोग केले. एक ससा वायूने फुगून चक्क फुटला! आतडी काढून, पोट स्वच्छ करून नॅट्रॉनमध्ये पुरलेला ससा मात्र छान वाळला. लोणच्याच्या फोडी पुसून घ्यायला कंटाळा केला की काय होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

वाळल्यावर तेल, राळ, मेण यांचा लेप आणि मग पट्ट्या. या पट्ट्या जवसाच्या धाग्याच्या, म्हणजे लिननच्या. पुष्कळदा त्या नव्या कापडाच्या नसतच. घरात वापरून विरलेली, रफू केलेली वस्त्रे फाडून त्या केलेल्या असत. जुन्या लुगड्याचा शेवट गोधडीत व्हावा तसाच प्रकार. काही मांजरांच्या ममी तर पाहत राहाव्या अशा आहेत. फिकट आणि गडद अशा दोन रंगांच्या पट्ट्या एकात एक घालून चौकटीची नक्षी उठवलेली, वर कान टवकारलेला मुखवटा. ज्याने कोणी ही नक्षी विणली त्याला घाई नव्हती.

देव एकच, बाकीचे त्याचे

इजिप्तचे लोक सरसकट जनावरांची पूजा करत, असे आपण ऐकलेले असते. ते तितकेसे खरे नाही. देव आपला अंश एखाद्या विशिष्ट जनावरात ठेवतो, अशी कल्पना होती. मेम्फिस शहरातला आपिस बैल हा असा. अंगाने काळा, कपाळावर पांढरी खूण, पाठीवर गरुडासारखा आकार, शेपटीचे केस दुहेरी. अशा खुणांचा गोऱ्हा शोधून काढत आणि एका वेळी एकच आपिस असे. त्याला देवळात ठेवत, मिरवत, कौल लावत. तो मेला की राज्यभर दुखवटा, सत्तर दिवस त्याच्या देहावर संस्कार, आणि मग साकारा येथल्या भुयारात दफन. ओगुस्त मारिएत या फ्रेंच संशोधकाला १८५० साली वाळूतून वर आलेले एक दगडी डोके दिसले आणि पुढच्या वर्षी त्याने हे भुयार उघडले. आतल्या एकेका दगडी पेटीचे वजन साठ टनांच्या घरात आहे. बैलासाठी!

आणि त्याची आई? तिला विसरले नव्हते. आपिसला जन्म देणारी गाय म्हणजे इसिस देवी, असे मानत. तिलाही मेल्यावर तसाच मान आणि स्वतःची वेगळी भुयारे. वॉल्टर एमरी या ब्रिटिश संशोधकाला ती १९७० साली साकारा येथेच सापडली. बैलाच्या भुयारानंतर एकशे एकोणीस वर्षांनी. आयांची पाळी उशिरा आली म्हणायची.

हा झाला प्रत्यक्ष देव. आता येतो चौथा प्रकार आणि खरी गर्दी आहे ती इथेच.

इसवी सनापूर्वी सातव्या शतकापासून पुढे रोमन अमलापर्यंत, जवळजवळ हजार वर्षे, इजिप्तच्या देवळांत प्राण्यांच्या ममी वाहण्याची प्रथा फोफावली. प्रत्येक देवाचा प्राणी ठरलेला. बास्तेत देवीला मांजर, होरस देवाला ससाणा, अनुबिसला कुत्रा, सोबेकला मगर, आणि विद्येचा देव थोत याला शराटी, म्हणजे तो पाणथळीतला पांढरा, काळ्या मानेचा, बाकदार चोचीचा पक्षी. यात्रेकरूने देवळाशी यायचे, ऐपतीप्रमाणे एखादी ममी विकत घ्यायची, आपले मागणे सांगायचे आणि ती पुजाऱ्याच्या स्वाधीन करायची. अशा ममी साठत जात, मग मिरवणुकीने नेऊन भुयारात थरावर थर रचून ठेवत. मूल होऊ दे, दुखणे बरे होऊ दे, कोर्टकचेरीतून सोडव. मागणी काही फार निराळी नव्हती.

बास्तेतचे मोठे ठाणे बुबास्तिस. तिथल्या जत्रेचे वर्णन हेरोडोटस या ग्रीक प्रवाशाने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे. बायका-पुरुष होड्या भरभरून नदीतून जात; बायका खुळखुळे वाजवत, काही पुरुष पावा वाजवत, बाकीचे गाणी म्हणत टाळ्या पिटत. वाटेत गाव लागले की होडी काठाला लावून होडीतल्या बाया काठावरच्या बायांची टिंगल करत. मुले सोडून सात लाख माणसे जमत, असे तो म्हणतो. हेरोडोटसचे आकडे जरा सैल हातानेच घ्यायला हवेत, पण बायकांना घराबाहेर मोकळे हुंदडायला मिळण्याचा हा दिवस होता, एवढे मात्र पटते. घरातले मांजर मेले तर घरची सगळी माणसे भुवया भादरत आणि कुत्रे मेले तर सर्वांग, हेही त्यानेच नोंदवले आहे. त्याच्यानंतर चारशे वर्षांनी दिओदोरस या दुसऱ्या ग्रीक लेखकाने तर स्वतः पाहिलेली गोष्ट सांगितली आहे. एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेले. रोमशी बिघडू नये म्हणून राजा धडपडत असतानाही जमावाने त्या माणसाचा जीव घेतला.

एवढा मांजराचा मान. मग त्याच देशात ती लाखो मांजरे मेली कशी?

मान मुरगळलेली पिल्ले

ब्रिटिश म्युझियममधल्या पन्नासांवर मांजरांच्या ममींचे एक्स-रे काढून केलेला अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. म्हातारे होऊन मेलेले मांजर त्यांत क्वचितच. बहुतेकांनी वर्षसुद्धा पुरते पाहिले नव्हते, कितीतरी एक ते चार महिन्यांची होती. आणि पुष्कळांच्या माना मोडलेल्या. म्हणजे देवळाच्या आसऱ्याने मांजरे वाढवायची आणि ठरावीक वयाची झाली की मारायची, असा तो धंदा होता. साकारा येथल्या अनुबिसच्या भुयारात कार्डिफ विद्यापीठाच्या पॉल निकल्सन यांच्या गटाने काम केले. तिथे मिळून ऐंशी लाखांच्या आसपास प्राणी असावेत, असा अंदाज २०१५ साली त्यांनी मांडला. बहुतेक कुत्री, आणि त्यांतली कितीतरी जन्मून काही तास किंवा काही दिवस झालेली पिल्ले. २०२० साली स्वान्सी विद्यापीठात एका मांजराच्या, एका पक्ष्याच्या आणि एका सापाच्या ममीचे अतिसूक्ष्म स्कॅन झाले. मांजर पाच महिन्यांच्या आतले. साप नागाच्या जातीचा होता. त्याला शेपटीला धरून आपटलेले, आणि मूत्रपिंडाची दशा अशी की जिवंतपणी त्याला पाणीच धड मिळाले नसावे.

शराटी पक्ष्यांची गोष्ट थोडी वेगळी निघाली. त्यांचेही असेच कळप पाळत असतील, असे सगळे धरून चालले होते. पण सॅली वासेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली ममींतल्या पक्ष्यांची आनुवंशिक तपासणी केली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी पैदास केली तर रक्तात सारखेपणा येतो, तो त्यांत आढळला नाही. म्हणजे हे पक्षी बहुतांशी रानातून, पाणथळीतून धरून आणून काही काळ खाऊ घालत असावेत.

या कारखान्याची आतली बाजू सांगणारा एक माणूसही आपल्याला भेटतो. त्याचे नाव होर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तो साकारा येथे थोत देवाच्या सेवेत होता. खापरांच्या तुकड्यांवर त्याने लिहिलेली टिपणे एमरी यांच्याच उत्खननात मिळाली. साठ हजार शराटींना दाणापाणी करावे लागे, असे तो लिहितो. आणि कारभारात गैरप्रकार चालले होते, याबद्दलही लिहितो. शेवटी ठरले काय, तर एका मडक्यात एक देव असला पाहिजे! असा नियम करावा लागतो, तेव्हा मडक्यांत काय चालले असेल ते सांगायला नको.

मँचेस्टरच्या तज्ज्ञांनी आठशेवर ममी एक्स-रे आणि सीटी स्कॅनखाली घातल्या आणि २०१५ साली जे जाहीर केले त्याने पुष्कळांचे डोळे विस्फारले. सुमारे एक तृतीयांश गाठोड्यांत पूर्ण प्राणी होता. एक तृतीयांशात नुसते काही भाग, एखादे हाड, पंख. आणि उरलेल्या तृतीयांशात प्राण्याचा मागमूसही नाही. चिखल, काटक्या, बोरू, पिसे, अंड्यांची टरफले. वरून मात्र गुंडाळणी अगदी सुबक.

"फसवलं की हो बिचारीला!" असे तुमच्या तोंडून निघेल. नवस फेडायला चार पैसे गाठीला बांधून आलेली बाई डोळ्यांपुढे येते खरी. पण मँचेस्टरच्या लिडिया मॅकनाइट यांचे मत निराळे आहे. घरट्यातली काटकी, अंड्याचे टरफल, तळ्याकाठचा बोरू हे सगळे त्या पवित्र प्राण्याच्या अंगाला, त्याच्या जागेला लागलेले. तेवढ्यानेही ते पावन होत असेल आणि देणाऱ्यालाही ते माहीत असेल. मला विचाराल तर दोन्ही खरे असावे. होरची टिपणे वाचल्यावर सगळेच पुजारी धुतल्या तांदळासारखे होते, असे म्हणवत नाही. आणि गठ्ठ्यात काय आहे हे हजार वर्षे कोणालाच कळले नाही, हेही पटत नाही. पण मला ती काटक्यांची गाठोडी तेवढी खुपत नाहीत. एक खरे-खोटे गाठोडे वाहून ती बाई हलक्या मनाने होडीत बसली असेल, आणि त्या दिवशी एक पिल्लू वाचले असेल. आतून 'अस्सल' निघालेल्या, मान मुरगळलेल्या चार महिन्यांच्या पोराचे काय? ते मारणाऱ्याला यात वावगे वाटत नव्हते, कारण त्याच्या हिशेबाने तो त्याला देवाकडे निरोप घेऊन पाठवत होता. हे समजून घेता येते. तरी मनाला बरे वाटत नाही.

पुढे इसवी सनाच्या चौथ्या शतकात रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माने जोर धरला, देवळे बंद पडली आणि भुयारांवर वाळू चढली.

१८८८ साली मध्य इजिप्तमध्ये, बेनी हसनजवळ, एका शेतकऱ्याला जमीन खणताना मांजरांनी भरलेली जागा लागली. जुन्या गोष्टी विकत घ्यायला आलेल्या परदेशी पाहुण्यांनी चांगल्या चांगल्या उचलल्या. उरलेल्यांचे काय करायचे? १८९० साली सुमारे एकोणीस टन मांजरे जहाजात भरून इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला नेली. नगाने मोजली तर एक लाख ऐंशी हजार भरतील, असा तेव्हाचा अंदाज. कशाला, तर हाडांचे खत चांगले होते म्हणून! लिलाव झाला. लिलाववाल्याने म्हणे हातोडीऐवजी एका मांजराचे डोकेच टेबलावर आपटून बोली पुकारली. मग ती दळून इंग्लंडच्या शेतांत टाकली गेली. वाळवंटात दोन हजार वर्षे जपलेला कोणाकोणाचा नवस दुसऱ्या देशातल्या शेतात खत होऊन गेला.

लिव्हरपूलच्या संग्रहालयात मात्र काही प्राण्यांच्या ममी शिल्लक आहेत. २००४ साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिथल्या एका मांजराच्या, दोन ससाण्यांच्या आणि एका शराटीच्या पट्ट्यांचे कण तपासले. प्राण्यांना कसेतरी उरकत असतील, असाच समज तोवर होता. पण त्या पट्ट्यांत तेल, मधमाश्यांचे मेण, झाडांच्या राळा असे निरनिराळे जिन्नस मिसळून केलेले लेप मिळाले. माणसांच्या ममींना लावत तसेच.